शंभर जातींचा जीवसमाज कॉम्प्युटरवर टिकवताना : कामाच्या नोंदी

काम काय आहे ते आधी सांगतो. कॉम्प्युटरवर शंभर जातींचा एक जीवसमाज उभा करायचा, त्यात स्पर्धा, शिकार, एकमेकांना मदत सगळं ठेवायचं, हजारो पिढ्या चालवायचा आणि बघायचं की विविधता टिकते का, टिकली तर कशाच्या जोरावर. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, सोबत तिची नमपाय आणि सायपाय ही गणिताची तयार साधनं, साधा लॅपटॉप, बस. समीकरणं पुस्तकात तयार मिळतात पण ती चालवायला घेतली की कुठे काय तुटतं हे फारसं कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून या नोंदी.

४ जानेवारी : दोन जाती, मग वीस

सुरुवात लोट्का-व्होल्टेरा स्पर्धेपासून, म्हणजे जाती एकमेकींची वाढ किती अडवतात त्याची समीकरणं. प्रत्येक जात एकटी असेल तर तिची संख्या १ वर स्थिरावते असं एकक धरलं, आणि दुसरी जात तिला किती अडवते त्याचा एक आकडा. दोघी एकमेकींना ०.५ ने अडवत असतील तर दोघी ०.६६७ वर थांबायला हव्यात, हे कागदावर काढता येतं, आणि कोडनेही तेच दिलं. मग सगळ्या जोड्यांना तोच ०.५ ठेवून वीस जाती टाकल्या, प्रत्येकी साधारण ०.०९५ आणि एकूण १.९०५. हेही हाताने काढून जुळवलं. ही पायरी कंटाळवाणी वाटते पण टाळू नका, पुढे शंभर जातींचं उत्तर हाताने तपासता येत नाही, तेव्हा कोडवर विश्वास ठेवायला हाच आधार असतो.

आकडा १ च्या वर नेला (म्हणजे शेजारी आपल्याच भाऊबंदांपेक्षा जास्त त्रास देतो) की एकच जात उरते, कोणती ते सुरुवातीच्या संख्येवर ठरतं. गाउझने १९३४ मध्ये पॅरामेशियम या एकपेशी जिवाच्या दोन जाती एकत्र वाढवल्या तेव्हा एक संपलीच. एकत्र राहायचं तर प्रत्येक जातीला लगाम मुख्यतः स्वतःच्याच गर्दीचा हवा, दुसऱ्यांचा कमी. चेसनने २००० मध्ये सहअस्तित्वाच्या सगळ्या यंत्रणा याच कसोटीवर लावून दाखवल्या. माझ्या कोडमध्ये हा लगाम म्हणजे मॅट्रिक्सचा (कोण कुणाला किती अडवतं त्या आकड्यांच्या चौकोनी तक्त्याचा) कर्ण, म्हणजे प्रत्येक जातीचा स्वतःवरचा आकडा, आणि मी तो सरळ १ लिहून टाकलाय. खऱ्या जंगलात तो कुठून येतो? एक रस्ता जॅन्झेन (१९७०) आणि कॉनेल (१९७१) यांनी सुचवला: मोठ्या झाडाखाली त्याच जातीच्या रोपांवर त्या जातीचे खास कीटक आणि रोग तुटून पडतात, म्हणून तिथे दुसऱ्याच जातीचं रोप तग धरतं. तेव्हा कर्णातला तो १ फुकटात आलेला नाही, त्याच्या मागे कितीतरी किडे आणि बुरश्या राबतायत हे लक्षात ठेवून पुढे जातोय.

९ जानेवारी : रॅन्डम मॅट्रिक्स, आणि सगळं कोसळलं

आता सगळ्यांना सारखा आकडा न देता रॅन्डम आकडे दिले, काही अधिक काही उणे. शंभर जाती, दहा टक्के जोड्यांमध्येच संबंध, बाकी शून्य. पहिल्याच रनमध्ये निम्म्याहून जास्त जाती गेल्या. सीड (रॅन्डम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) बदलला, तेच.

हे व्हायचंच होतं. रॉबर्ट मेने १९७२ मध्ये नेचर या विज्ञान-साप्ताहिकात छोटासा लेख लिहून दाखवलं होतं की रॅन्डम जोडलेली व्यवस्था जितकी मोठी आणि जितकी गुंतलेली तितकी ती अस्थिर. हिशोब साधा आहे: जातींची संख्या गुणिले जोडणीचं प्रमाण, त्याचं वर्गमूळ, त्याला संबंधांच्या सरासरी ताकदीने गुणायचं, उत्तर कर्णाच्या लगामापेक्षा (इथे १) कमी हवं. माझ्याकडे १०० गुणिले ०.१ म्हणजे १०, वर्गमूळ ३.१६, म्हणजे ताकद ०.३१६ च्या खाली ठेवायला हवी. मी ०.५ ठेवली होती.

पण ०.३ केल्यावरही जाती जातच होत्या आणि इथे बराच वेळ गेला. कारण असं की मेने समतोल आहे असं धरून त्याच्या आजूबाजूचा हिशोब केलाय, आपल्याला मात्र आधी तो समतोल सापडायला हवा, आणि समीकरणं सोडवली तर समतोलात काही जातींची संख्या उणे येते. उणे संख्येची जात म्हणजे नसलेली जात. तेव्हा दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा: सगळ्यांची संख्या शून्याच्या वर असलेला समतोल आहे का, आणि असेल तर धक्का दिल्यावर व्यवस्था तिथे परत येते का. पहिली अट बहुतेक वेळा जास्त कडक निघते, आणि फक्त आयगेनव्हॅल्यू (धक्का विरतो की वाढतो ते सांगणारे मॅट्रिक्सचे आकडे) बघत बसलात तर ती दिसतच नाही.

१६ जानेवारी : खोटी अनागोंदी

या आठवड्यात एक फार सुंदर ग्राफ मिळाला, सगळ्या जाती अनियमित वरखाली, कुणी संपत नाही. तो खोटा निघाला.

वेळेची पायरी मोठी होती आणि पद्धत साधी ऑयलरची, म्हणजे आत्ताच्या वेगाने एक पायरी सरळ पुढे जायचं. एकाच जातीच्या साध्या वाढीतसुद्धा वाढीचा दर गुणिले पायरी हा आकडा २ च्या वर गेला की संख्या उड्या मारायला लागते, २.५७ च्या आसपास ओलांडलं की अनागोंदी सुरू. हे जीवशास्त्र नाही, पायरीचा दोष आहे. (वर्षातून एकदाच पिढी येणाऱ्या किड्यांसाठी तेच गणित खरं असू शकतं, मेने १९७६ मध्ये ते मांडलं, पण माझं मॉडेल सतत वेळेचं आहे.) शिकारी-शिकार जोडीत तर ऑयलर आणखी फसवतो, ज्या चक्राने जागेवरच फिरायला हवं ते दर फेरीला थोडं मोठं होत जातं आणि आपल्याला वाटतं की शिकारीमुळेच समाज फुटतोय.

दुरुस्ती: ऑयलर काढून सायपायचा सॉल्व्हर लावला जो पायरी स्वतः लहानमोठी करतो. पण त्यातही एक खाच आहे. सॉल्व्हरने किती चूक चालवून घ्यायची ती मर्यादा न सांगता सोडली तर ती ०.००१ सापेक्ष आणि ०.०००००१ निरपेक्ष अशी असते, म्हणजे दहा लाखांश भागाच्या खालच्या संख्येला काही अर्थच उरत नाही, दुर्मिळ जात जगली की मेली हे गोंगाटावर ठरतं. म्हणून संख्येऐवजी संख्येचा लॉगॅरिदम चालवायला घेतला, मग संख्या उणे जाऊच शकत नाही आणि दुर्मिळ जातीही नीट मोजल्या जातात. आधीचे सगळे रन टाकून दिले.

तपासायची सोपी युक्ती म्हणजे पायरी किंवा मर्यादा दहापट बारीक करून तोच रन परत चालवा, ग्राफचा एकूण स्वभाव बदलला तर जे दिसत होतं ते समाजाचं नव्हतं.

२१ जानेवारी : मेलेल्या जाती परत येतात

लॉगॅरिदमने एक प्रश्न सुटला आणि दुसरा उभा राहिला, आता कुणी मरतच नाही. तीन जातींचा दगड-कागद-कात्रीसारखा फेरा करून बघितला, अ ब ला हरवते, ब क ला, क अ ला. मे आणि लिओनार्ड यांचं १९७५ चं मॉडेल, अडवण्याचे आकडे ०.८ आणि १.३. होतं काय, एक जात जवळपास सगळं व्यापते, बाकीच्या दोन तळाला, मग दुसरी वर येते, मग तिसरी, आणि दर फेरीला तळाला राहायचा काळ वाढत जातो. लॉगॅरिदममध्ये संख्या एकावर कितीतरी डझन शून्य इतक्यांश भागापर्यंत खाली जाते आणि तिथूनही आरामात परत येते. कुठलाही प्राणी कोट्यंश जिवंत नसतो.

म्हणून मरणाची रेषा हवी. ती कुठे ओढायची याला माझ्या मते एकच प्रामाणिक उत्तर आहे, अधिवास किती मोठा ते आधी ठरवा. संख्या १ म्हणजे दहा लाख जीव धरले तर एक जीव म्हणजे ०.०००००१, त्याच्या खाली गेली की शून्य, कायमची. दहा हजार जीव धरले तर रेषा ०.०००१. दोन्ही चालवून बघितलं, लहान अधिवासात तोच समाज, तेच संबंध, पण जाती जास्त गेल्या आणि लवकर गेल्या. सगळी चक्रं तळाजवळून जातात आणि लहान जागेत तळ वर आलेला असतो. जंगलाचे तुकडे केल्यावर लगेच काही बिघडत नाही आणि वर्षांनंतर जाती गळत राहतात त्यामागे हेही एक कारण आहे, ते आकड्यांत बघून मला खरंच वाईट वाटलं.

तीन जातींचा फेरा मात्र रेषा ओढल्यावर एकाच जातीवर येऊन संपला, दोन्ही आकारांत. त्याच्याकडे परत येणार आहे.

३० जानेवारी : संबंधांना रचना दिली

रॅन्डम मॅट्रिक्समध्ये कोण कुणाला खातं याला काही अर्थ नसतो. आता जोड्या नीट लावल्या, एकाला फायदा तर दुसऱ्याला तोटा. फरक लगेच दिसला. अलेसिना आणि टँग यांनी २०१२ मध्ये हे गणिताने दाखवलंय, शिकारी-शिकार जोड्यांनी मेची मर्यादा सैल होते, साध्या घंटाकार वाटणीतल्या आकड्यांसाठी जवळपास पावणेतीन पट, तर निव्वळ स्पर्धा किंवा निव्वळ सहकार्याने ती आवळते.

सहकार्याने तर कोडच फोडला. दोन जाती एकमेकींना मदत करतात, दोघी वाढतात, म्हणून मदत वाढते, म्हणून आणखी वाढतात, आणि सॉल्व्हर अनंताकडे जाऊन थांबतो. सरळ रेषेतलं सहकार्य ठेवूच नका, मदतीला कमाल मर्यादा घाला. फुलं कितीही असली तरी एक मधमाशी दिवसात ठराविकच फुलांवर जाणार. तीच गोष्ट खाण्याची, हॉलिंगने १९५९ मध्ये मांडलेला वक्र घेतला ज्यात पोट भरलं की खाण्याचा वेग वाढायचा थांबतो. पण लगेच सांगतो, हा वक्र घातला की शिकारी-शिकार चक्रं सुरू होतात, आणि भक्ष्य जातीला अन्न वाढवून दिलं तर चक्रं मोठी होऊन दोघीही रेषेखाली जातात. रोझेनझ्वाइगने १९७१ मध्ये यालाच समृद्धीचा विरोधाभास म्हटलं. माझ्या समाजातली धारणक्षमता (जागा किती जीव पोसू शकते ते) सगळीकडे दुप्पट केली तेव्हा जाती वाढल्या नाहीत, कमी झाल्या.

जे उपयोगी पडलं ते म्हणजे कमजोर धागे. सगळे संबंध मध्यम ठेवण्यापेक्षा थोडे ताकदवान आणि बरेचसे अगदी कमजोर अशी वाटणी केली तर मोठी चक्रं दबतात. मॅकॅन, हेस्टिंग्ज आणि हक्सेल यांनी १९९८ मध्ये हेच दाखवलं: शिकाऱ्याला बाजूला दुसरं थोडंसं खाणं असेल तर तो मुख्य भक्ष्याला तळापर्यंत नेत नाही. जे धागे मोजमापात नगण्य म्हणून आपण वगळतो तेच ताण सोसत असतात, म्हणून छाटणी करताना फार जपून.

मदत करणाऱ्या जोड्या मी शेवटी अगदी थोड्या ठेवल्या.

८ फेब्रुवारी : एकेक करून आणलं

शंभर जाती एकदम टाकण्यात काही अर्थ नाही, असा समाज निसर्गात कुठेच जन्मत नाही. १९६३ मध्ये आइसलँडजवळ समुद्रातून सर्टसी बेट वर आलं ते कोरं होतं, मग एकेक जात येत गेली. तसंच करायचं ठरवलं. तीनशे जातींची यादी बनवली, तिला मी कोठार म्हणतोय, आणि त्यातून ठराविक काळाने एक जात अगदी थोड्या संख्येने आत सोडायची, टिकली तर टिकली.

यात दोन गोष्टी बघायला मिळाल्या. एक, येण्याचा क्रम बदलला की शेवटचा समाज बदलतो, कोठार तेच असून. आधी आलेली जात जागा धरून बसते. क्लेमेंट्स (१९१६) म्हणत होता की अनुक्रमण (एका जागेवर जाती एकामागून एक येत जाणं) ठरलेल्या वाटेने एका ठरलेल्या शेवटाकडे जातं, ग्लीसन (१९२६) म्हणाला प्रत्येक जात आपापल्या नशिबाने येते आणि आपापल्या गरजेने टिकते, माझ्या रनमध्ये ग्लीसनचं पारडं जड. पण क्लेमेंट्स पूर्ण चुकला असंही नाही, शिकारी कधीच आधी टिकत नाहीत, वनस्पती-मग-त्यांचे-खाणारे-मग-शिकारी हा क्रम प्रत्येक रनमध्ये तसाच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शेवटी उरलेल्या जातींची यादी घेतली आणि फक्त त्यांनाच एकेक करून कोऱ्या जागेत आणलं, तर कितीतरी वेळा तो समाज परत उभाच राहिला नाही. मधल्या काळात आलेल्या आणि नंतर नाहीशा झालेल्या जातींनी वाट करून दिलेली होती. म्हणजे नुसती शेवटची यादी बघून पुनर्बांधणी करता येत नाही. ज्यांना उजाड जमिनीवर जंगल परत आणायचंय त्यांनी हा रन स्वतः करून बघावा असं मला मनापासून वाटतं.

१५ फेब्रुवारी : जागा दिली, डिस्क भरली

आतापर्यंत सगळा समाज एकाच भांड्यात होता. आता ५० बाय ५० चौकटींचा ग्रिड केला, प्रत्येक चौकटीत आपला समाज, शेजारच्या चौकटीत थोडं स्थलांतर. २५०० चौकटी गुणिले १०० जाती म्हणजे २,५०,००० संख्या. एक क्षण साठवायला २ एमबी, दहा हजार क्षण साठवले तर २० जीबी, आणि रात्रभराचा रन पहाटे डिस्क भरून बंद पडला. आता शंभरातला एकच क्षण साठवतो, तोही प्रत्येक आकड्याला आठऐवजी चार बाइट देऊन, म्हणजे सगळं १०० एमबीत बसतं. वेळेचं म्हणाल तर एका भांड्याचा रन चहाच्या वेळेत व्हायचा, ग्रिडचा पूर्ण रात्र घेतो, त्यामुळे रोज एकच प्रश्न विचारता येतो.

स्थलांतराचा कोड दोनदा लिहावा लागला. आधी प्रत्येक चौकटीतून ठराविक टक्के शेजाऱ्याकडे, सरळ गुणाकार. मरणाची रेषा नसेल तर एका जीवाचा कोट्यंश भाग काही पावलांत पूर्ण ग्रिडभर पसरतो, आणि रेषा असेल तर येणारा वाटा रेषेखालचा म्हणून पोचताक्षणी पुसला जातो, कुणी कधी रिकामी चौकट परत वसवूच शकत नाही. तोडगा असा की स्थलांतर पूर्ण जीवांचं करा, किती जीव निघाले ते प्वासाँ वाटणीतून (सरासरी दिली की रॅन्डम पूर्ण आकडा देणारी) काढा, शून्य आले तर शून्य. हळू चालतं पण बरोबर चालतं.

वेगाचं म्हणाल तर स्थलांतर फार ठेवलं की सगळ्या चौकटी एका लयीत वरखाली व्हायला लागतात आणि ग्रिड म्हणजे पुन्हा एक मोठं भांडं होतं. फार कमी ठेवलं की प्रत्येक चौकट एकटी झुरत जाते. मधला पट्टा बऱ्यापैकी रुंद आहे, तिथे एका चौकटीत जात मरते तेव्हा दुसरीकडे ती भरात असते. हफाकरने १९५८ मध्ये संत्र्यांवर कोळी-किडे पाळून हेच केलं होतं, एक किडा संत्री खाणारा, दुसरा त्याला खाणारा. साध्या मांडणीत शिकारी सगळं संपवून स्वतःही संपायचा, मग त्याने वाटेत पेट्रोलियम जेलीचे अडथळे घातले आणि भक्ष्याला हवेवर उडून जायला काठ्या रोवल्या, तेव्हा कुठे तीन चक्रं टिकली.

आणि तो तीन जातींचा फेरा ग्रिडवर टिकला. तिघी पट्ट्यापट्ट्यांनी एकमेकींच्या मागे फिरत राहतात, कुणी जिंकत नाही. केर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ई. कोलाय जिवाणूंच्या तीन प्रकारांवर (विष सोडणारा, विषाने मरणारा, विषाला दाद न देणारा) हेच बघितलं, न हलवलेल्या ताटलीवर तिघे राहिले, फ्लास्कमध्ये ढवळलं की फक्त दाद न देणारा उरला. हा रन संपेपर्यंत मी जागा होतो, आणि सगळ्या प्रकल्पात याइतका आनंद मला दुसऱ्या कशाने झाला नाही.

२६ फेब्रुवारी : टिकलंय की नाही?

ग्रिड आणि कोठार दोन्ही जोडून लांबलचक रन केला. जातींची संख्या एका पातळीला आली आणि तिथेच राहिली, एकूण जैवभारही (सगळ्या जिवांचं मिळून वजन). मग सुरुवातीची आणि शेवटची यादी शेजारी ठेवली तर निम्म्याहून जास्त नावं वेगळी. संख्या तीच, माणसं बदललेली म्हणतात तसं. याला टिकणं म्हणायचं का यावर दोन दिवस अडलो, कारण माझ्या कोडमध्ये यशाची व्याख्या होती "सुरुवातीच्या शंभरपैकी किती उरल्या" आणि त्या व्याख्येने प्रत्येक रन नापास होत होता.

व्याख्या बदलली. पिम याने १९८४ मध्येच लिहिलं होतं की स्थिर या एका शब्दाखाली लोक वेगवेगळ्या गोष्टी मोजतात: समतोलाकडे परत येणं, परत यायचा वेग, किती काळ तसंच राहणं, धक्क्याने किती हलणं, किती चढउतार. आता मी चार आकडे वेगळे लिहितो. एकूण जैवभाराचा चढउतार, एकेका जातीचा चढउतार, जातींची परिणामी संख्या (नुसती मोजदाद नको, रेषेजवळच्या दुर्मिळ जाती दिसेनाशा होऊन परत येतात आणि आकडा नाचतो, शॅननच्या विविधता-सूत्रावरून काढलेली परिणामी संख्या दुर्मिळ जातींना कमी वजन देते म्हणून शांत असते), आणि दोन काळांतल्या यादीतला फरक. चारही एकत्र बघितले की चित्र साफ होतं: समाज टिकतो तो यादी बदलत राहते म्हणून. स्थलांतर आणि कोठार बंद करून यादी गोठवायला गेलो की जाती एकेक करून जातात आणि परत कुणी येत नाही.

हे फक्त कॉम्प्युटरमधलं नाही. टिलमन आणि डाउनिंग यांनी मिनेसोटातल्या सीडर क्रीकच्या गवताळ तुकड्यांत १९८७-८८ च्या दुष्काळानंतर मोजलं, जास्त जातींचे तुकडे कमी खचले. पुढे १९९६ मध्ये टिलमनने स्पष्ट केलं की विविधतेने एकूण जैवभार स्थिर होतो, एकेका जातीची संख्या नाही. रॉबर्ट मे (१९७२) आणि सीडर क्रीक यांच्यात वाद आहे असं मला आधी वाटायचं, आता वाटत नाही, एक जण भाग मोजतोय आणि दुसरा बेरीज.

५ मार्च : बेरीज आपोआपच शांत असते का, हे तपासलं

वरच्या निष्कर्षावर मीच शंका घेतली, कारण एकूण जैवभाराला समीकरणातच कमाल मर्यादा आहे, तो शांत असणं कदाचित फुकटचं असेल. शिवाय नुसत्या आकडेशास्त्रानेही बेरीज शांत होते: सोळा जाती एकमेकींशी संबंध न ठेवता वरखाली झाल्या तरी बेरजेचा सापेक्ष चढउतार एकीच्या पाव होतो, शंभर असतील तर दहावा भाग.

म्हणून तुलना केली. प्रत्येक जातीची मालिका वेगळी घेऊन काळात पुढेमागे सरकवली, म्हणजे प्रत्येकीचा चढउतार तोच पण एकमेकींशी नातं तुटलेलं, आणि मग बेरीज. खऱ्या रनची बेरीज सरकवलेल्या बेरजेपेक्षा स्पष्टपणे शांत निघाली. म्हणजे एक घसरली की दुसरी तिची जागा घेते, हे खरंच चाललंय. तरी जोर कमी करून सांगतो, यातला काही वाटा कमाल मर्यादेचाच आहे आणि तो पूर्ण वेगळा काढता आलेला नाही.

मग हवामान घातलं, प्रत्येक जातीच्या वाढीच्या दरात गोंगाट. सगळ्यांना वेगवेगळा गोंगाट असेल तर विविधतेचा फायदा भरपूर. पण दुष्काळ सगळ्यांनाच एकदम लागतो. जातींच्या चढउतारात सरासरी ०.२५ इतकाही सहसंबंध (एकत्र वरखाली होण्याचं माप, पूर्ण एकत्र म्हणजे १) असला तर शंभर जातींच्या बेरजेचा चढउतार एकीच्या दहाव्या भागाऐवजी निम्म्यावरच अडकतो, हे सूत्राने निघतं, आणि आणखी जाती घालून पुढे काही मिळत नाही. जातींची संख्या वाढवण्यापेक्षा त्या एकाच धक्क्याला वेगवेगळं वागतात की नाही हे बघा. पन्नास सारख्या जातींपेक्षा दहा वेगळ्या जाती माझ्या रनमध्ये जास्त कामाच्या ठरल्या.

कोडमधली एक खाच: स्थलांतर, हवामान आणि कोठार यांना रॅन्डम आकडे देणारे जनरेटर वेगवेगळे ठेवा. एकच ठेवला तर एक जात काढून टाकल्यावर पुढचे सगळे आकडे सरकतात, हवामानच बदलतं, आणि जो फरक दिसतो तो जात काढल्याचा की हवामानाचा हे सांगता येत नाही. हे लक्षात आल्यावर आधीच्या तुलना परत चालवायला बऱ्याच रात्री गेल्या.

१२ मार्च : एक जात काढून बघणं

तयार समाजातून एकेक जात काढली, बाकी सगळं तेच. बहुतेक वेळा काहीच होत नाही, शेजारी जागा भरून काढतात. पण काही जाती अशा की त्या गेल्या की पाठोपाठ आणखी जातात, आणि त्या नेहमी संख्येने मोठ्या असतात असं नाही. माझ्या समाजात अशी सर्वात महागडी जात एक शिकारी आहे, तिचं मुख्य खाणं म्हणजे सर्वात ताकदवान स्पर्धक. पेनने १९६६ मध्ये वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरून पिसास्टर हा तारामासा हटवल्यावर शिंपल्यांनी खडक बळकावला आणि १५ जातींपैकी ८ उरल्या, त्याचंच हे रूप. सर्वात मोठी आयगेनव्हॅल्यू बघून ही जात आधी ओळखता येईल असं वाटलं होतं, जमलं नाही, कारण तो आकडा छोट्या धक्क्यांसाठी आहे आणि अख्खी जात काढणं छोटा धक्का नाही. काढून बघणं हाच रस्ता, आणि तो शंभर रात्रींचा, म्हणून ग्रिड लहान करून १५ बाय १५ वर केला.

१९ मार्च : दार उघडं आणि दार बंद

सर्वात मोठा वाटा खाणारी जात काढली, एकदा कोठाराचं दार बंद ठेवून, एकदा उघडं ठेवून. दार बंद असताना एकूण जैवभार खाली आला आणि थोडा भरून तिथेच राहिला, आत असलेल्यांपैकी कुणीच ते काम पूर्ण करू शकत नव्हतं. दार उघडं असताना बराच काळ तोच खड्डा, आणि मग कोठारातली एक जात, जी आधी प्रत्येक वेळी येऊन मरत होती, ती या वेळी टिकली आणि जैवभार जवळपास पूर्ण वर आला.

अ‍ॅरिझोनातल्या पोर्टल गावाजवळ १९७७ पासून हाच प्रयोग खऱ्या जमिनीवर चालू आहे. काही तुकड्यांतून कांगारू उंदीर हटवले, लहान उंदरांनी जागा थोडीशीच भरली, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला बेलीचा पॉकेट माउस बाहेरून आला तेव्हा कांगारू उंदरांनी सोडलेल्या अन्नाचा मोठा वाटा त्याने उचलला. जवळपास दोन दशकं थांबावं लागलं. दोन-तीन वर्षांत प्रयोग आटोपला असता तर निष्कर्ष उलटा लिहिला गेला असता, म्हणून माझेही रन आता आधीच्या दहापट लांब करतोय.

सध्या चालू असलेला रन: दार किती उघडं, म्हणजे कोठारातून येण्याचा वेग दहाव्या भागावर आणला तर खड्डा भरायला दहापट वेळ लागतो की त्याहून जास्त. माझा अंदाज जास्त, कारण योग्य जात यायला हवी आणि ती यायच्या वेळी जागाही मोकळी असायला हवी. हे करून बघणार असाल तर कोठाराची मूळ फाइल, तिन्ही जनरेटरचे सीड आणि मरणाची रेषा एवढं रनसोबत साठवा, बाकी सगळं त्यातून परत तयार करता येतं.